वाचन-लेखनाच्या परिषदेला जाताय? मग वहीचं एक पान सोबत घ्या

2021 च्या जुलैत केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे असं ठरलं, आणि तेव्हापासून 'पायाभूत साक्षरता' हा शब्द मुलांपेक्षा आम्हा मास्तरांनाच जास्त पाठ झालाय. त्यावरच्या परिषदाही बऱ्याच होतात. महिन्याची केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद वेगळी, ती घरचीच. मी बोलतोय दुसऱ्या शहरात फी भरून दोन-तीन दिवस जायच्या परिषदेबद्दल. पहिल्यांदा गेलो तेव्हा काय आणलं, तर एक कापडी पिशवी, एक सर्टिफिकेट आणि मोबाईलमध्ये स्लाइडचे दीडेकशे फोटो, जे आजतागायत उघडलेले नाहीत.

तर पहिलं काम परवानगीचं. माहितीपत्रक आलं की मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज टाका, कर्तव्यरजा धरणार (म्हणजे कामावरच समजणार) की स्वतःची किरकोळ रजा टाकायची ते लेखी घ्या, आणि ओसीवर, म्हणजे अर्जाच्या आपल्याकडच्या प्रतीवर, आवकचा शिक्का मारून घ्या. तोंडी "जा हो सर"वर विसंबू नका, मी विसंबलो आणि तीन किरकोळ गेल्या. शाळा द्विशिक्षकी असेल तर मागे वर्ग कोण बघणार तेही अर्जातच लिहा. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि परवानगी निघायच्या दिवशीसुद्धा येऊ शकते, त्यामुळे तिकिटाचा जुगार ज्याचा त्याने खेळावा.

दुसरं काम मात्र खरं महत्त्वाचं. वर्गातलं अडलेलं एक मूल डोळ्यासमोर आणा आणि त्याच्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स काढा, नाव झाकून. माझ्याकडे दुसरीतल्या एका मुलीचं पान होतं, 'कमळ' बरोबर, 'नळ' बरोबर, पण 'पाणी'चं 'पण' आणि 'दूध'चं 'दध'. म्हणजे अक्षरं येतात, काना-मात्रा गळतात. एवढा एकच प्रश्न घेऊन पुढच्या परिषदेला गेलो.

वेळापत्रक हातात आलं की त्या प्रश्नावर पेन ठेवून सेशन निवडा. एकाच वेळी चार हॉलमध्ये चार सेशन असतात, सगळं ऐकायच्या नादात काहीच धड ऐकलं जात नाही. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार हे चुकलं तरी चालतं (आयोजकांनी माफ करावं). मेळघाटात वगैरे शिकवत असाल, पोरं घरी कोरकू बोलत असतील, तर घरच्या भाषेवरचं सेशन आधी धरा. आणि चकचकीत पीपीटीपेक्षा जिथे मुलांच्या कामाचे नमुने दाखवतायत तिथे बसा.

प्रश्न विचारताना भाषण नको. वर्ग, पटसंख्या, अडचण, बस. राष्ट्रीय परिषदेत इंग्रजी चालू असलं तरी बिनधास्त हिंदीत विचारा, शेजारी कोणी मराठी भेटलंच तर मराठीत. मी पान दाखवलं ते हॉलमध्ये नाही, चहाच्या रांगेत, एका बाईंना, त्या नुकत्याच पोस्टरसमोर उभं राहून बोलत होत्या. त्यांनी पान बघितलं आणि उलट मलाच विचारलं, सर, तुम्ही काना कधी शिकवला? मी म्हटलं, मुळाक्षरं संपल्यावर. त्यावर त्यांनी कपाखालच्या कागदावरच लिहून दाखवलं, क, म, ल एवढी तीन अक्षरं आणि काना. काका, मामा, काम, काल, लाल, कमाल, मला. 'काका, मला काम.' पहिल्या काही दिवसांतच मूल वाक्य वाचतं, आणि काना हा अक्षराचा आवाज बदलतो हे त्याच्या हाताला तेव्हाच कळतं. क ते ज्ञ संपेपर्यंत थांबलं की काना-मात्रा त्याला वरून चिकटवलेली नक्षी वाटते. माझी बारा वर्षं सर्व्हिस झाली होती तेव्हा, जेवण नीट गेलं नाही.

म्हणून चहाला आणि जेवणाला ओळखीच्या घोळक्यात बसू नका, आपल्या तालुक्यातली माणसं नंतरही भेटतातच. ज्यांचा नंबर घ्याल त्यांच्या नावापुढे 'काना' असं काहीतरी लिहून सेव्ह करा, नाहीतर आठवड्यानी 'पाटील सर परिषद' अशी चार नावं सापडतात.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटवर नावाची स्पेलिंग तिथेच तपासा, नंतर कुरिअरने दुरुस्त होऊन येत नाही. हजेरीचा दाखलाही सही-शिक्क्यासकट मागून घ्या, कर्तव्यरजेला तोच लागतो.

परत आल्यावर आठ दिवसांत एकच गोष्ट वर्गात करून बघा, आणि केंद्राच्या परिषदेत दहा मिनिटं मागून ती सांगा, पण मूळ पान आणि महिन्यानंतरचं पान शेजारी शेजारी ठेवून. त्या मुलीच्या दुसऱ्या पानावर 'पाणी' बरोबर होतं. 'दूध'चं 'दुध' झालं होतं. तेच पान त्या बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यांचं उत्तर आलं, आता उकार बघा.