कपावरची स्ट्रॉबेरी आणि मागची साखर: लहान मुलांसाठी दही घेताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दुकानांत आता दह्याचे दोन वर्ग झालेत. एक साधं: पिशवीतलं किंवा डब्यातलं. दुसरं कपातलं, फळांची चित्रं असलेलं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं मुलाच्या नजरेसमोर मांडलेलं. दुसऱ्या वर्गाचं दही ‘मुलांसाठी’ म्हणून घरी येतं आणि पहिली चूक तिथेच होते.

कपाची पुढची बाजू सोडा, मागचा तक्ता वाचा. साध्या, साखर न घातलेल्या दह्यातही १०० ग्रॅममागे साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर दिसते. ती दुधातली नैसर्गिक साखर, तिची काळजी नको. समजा, फळांच्या दह्यावर ‘एकूण साखर १४ ग्रॅम’ लिहिलंय. त्यातून ५ वजा केले तर उरतात ९, म्हणजे दोन चहाचे चमचे भरून वरची साखर. ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ वेगळी छापलेली असते, ती थेट वाचा. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका कपाचे, हेही बघा. कप ८० ग्रॅमचा असला की आकडा लहान दिसतो आणि माणूस फसतो. दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखर द्यायचीच नाही.

‘साखर नाही’ हे शब्दही पुरेसे नाहीत. घटकांच्या यादीत ९५५ (सुक्रालोज) किंवा ९६० (स्टीव्हिया) असे आकडे असतील तर गोडवा दुसऱ्या वाटेने आलाय. लहान मुलाच्या जिभेला तशी सवय लावू नये. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल तर कप परत ठेवा. चांगल्या दह्याची यादी एका ओळीत संपते: दूध आणि विरजण. श्रीखंड-आम्रखंडाला दही समजून रोज देणारेही आहेत. त्यात चक्क्याच्या जवळपास साखर पडते; ते सणाचं पक्वान्न, सणालाच शोभतं.

पिशवीवर ‘मोसरू’ लिहिलंय म्हणून ते दह्याहून वेगळं समजू नका, नावच तेवढं कानडी. मार्च २०२३ मध्ये पाकिटांवर ‘दही’ छापण्याच्या सक्तीवरून वाद झाला आणि नंतर प्रादेशिक नावांना मोकळीक मिळाली. आतला पदार्थ तोच. मात्र ‘हीट ट्रीटेड’ किंवा ‘थर्माइज्ड’ हे शब्द शोधा. असं दही लागल्यानंतर पुन्हा तापवलेलं असतं, विरजणातले जिवाणू त्यात मेलेले असतात. घरी पारख सोपी आहे: त्याचा चमचाभर कोमट दुधात घाला. रात्रभर ऊबेत ठेवूनही दूध दूधच राहिलं तर त्या दह्यात जीव नाही.

‘लो फॅट’ दही मोठ्यांच्या ताटातलं. दोन वर्षांपर्यंत मुलाला सायीसकट दुधाचंच दही हवं, कारण वाढत्या मेंदूला स्निग्धांश लागतो.

खरं तर सगळ्यात चांगलं दही घरचंच, पण तेही बिघडतं. अर्धा लिटर दूध उकळून उतरवा. बोट बुडवून दहा सेकंद सहज ठेवता आलं, म्हणजे ४० ते ४२ अंशांच्या आसपास आलं, की एक लहान चमचा ताजं विरजण घालून ढवळा. दूध जास्त गरम असेल तर जिवाणू मरतात आणि दही लागत नाही. फार निवलं असेल तर लागायला वेळ लागतो आणि चिकट, तार सुटलेलं दही मिळतं. लोक दुधात भेसळ म्हणून गवळ्याला बोलतात. चूक बहुधा थंड दुधाची किंवा महिनोन्‌महिने तेच वापरलेल्या विरजणाची असते. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीत भांडं चादरीत गुंडाळून आठ-दहा तास लागतात, एप्रिलमध्ये चार-पाच तासांत काम होतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये. बाहेर राहिलं की आंबट होतं आणि मूल तोंड फिरवतं. वर पाणी सुटणं म्हणजे नासणं नव्हे, ढवळून द्या. गुलाबी-नारिंगी छटा किंवा बुरशी दिसली तर मात्र पूर्ण भांडं टाका, वरचा थर काढून भागत नाही.

खानापूरच्या मातीच्या गाडग्यात दही घट्ट लागतं, कारण माती पाणी शोषते. पण तिच्या छिद्रांत जुना आंबटपणाही मुरतो. गाडगं उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवलं नसेल तर बाळासाठी स्टीलचं भांडंच बरं. बाजारातलं सुटं दही कच्च्या दुधाचं नाही ना, झाकलेलं होतं का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

सहा महिने पूर्ण झाल्यावर एक चहाचा चमचा साधं दही द्या आणि तीन दिवस दुसरं नवीन काही देऊ नका. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर दही बंद करून डॉक्टरांकडे जा. श्वासाला त्रास झाला तर तातडीने. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी दही केल्याने जात नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्धी ते एक वाटी पुरे. गोडी हवीच असेल तर कुस्करलेलं केळं किंवा शिजवलेलं सफरचंद घाला. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्याने बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. घरच्या मोसरन्नातून (दहीभातातून) बाळाचा भात फोडणी, मीठ, मिरची घालण्याआधीच बाजूला काढा, निवू द्या आणि मग दही कालवा. गरम भातात जिवाणू मरतात.

मूल खात असलेला चमचा पुन्हा डब्यात बुडवू नका, लाळेने उरलेलं दही लवकर खराब होतं. वाटीत हवं तेवढंच काढा, गारवा जायला वीस मिनिटं बाहेर ठेवा, आणि उघडलेला डबा दोन-तीन दिवसांत मोठ्यांनी संपवा.