त्रास काहीच नाही, पण तपासणीत जंत निघाले? या चुका टाळा

भलत्याच कारणासाठी केलेल्या शौच तपासणीत अंडी दिसतात, नाहीतर रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले निघतात. पोट ठीक, वजन ठीक. मग कुणी अहवाल फाईलमध्ये ठेवून देतं, कुणी जंताची एक गोळी घेऊन मोकळं होतं. मला दोन्ही चुकीचं वाटतं, कारण जंत कोणता हा पहिला प्रश्न तसाच राहतो.

सगळ्यात महागात पडते ती स्ट्राँगिलॉइडिसकडे केलेली डोळेझाक. हा कृमी माणसाच्या शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत राहतो, त्यामुळे आपोआप संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात कैदेत असलेल्या सैनिकांमध्ये तो कित्येक दशकांनंतरही सापडला. एरवी तो गप्प असतो. पण दमा, संधिवात अशा आजारासाठी स्टेरॉइड सुरू झालं की अळ्यांची संख्या बेसुमार वाढू शकते. त्या आतड्यातले जीवाणू घेऊन रक्तात, फुफ्फुसात शिरतात, आणि मग जीव वाचवणं कठीण होतं. म्हणून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेण्याआधी हा अहवाल डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

शौचाचा एकच नमुना निर्दोष आला म्हणून निश्चिंत होऊ नका. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या रोज बाहेर पडत नाहीत; अनेक नमुने आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी लागते. त्यावर आयव्हरमेक्टिन हे औषध चांगलं लागू पडतं, अल्बेंडाझोल ही जंताची नेहमीची गोळी कमी. मात्र मध्य आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात राहून आला असाल तर ते आधी सांगा. तिथल्या लोआ लोआ कृमीचा रक्तात मोठा भार असेल, तर आयव्हरमेक्टिनने मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

पट्टकृमीतही (टेपवर्म) अशीच मेख आहे. डुकराच्या आणि गाईच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. डुकराचा असेल तर मेंदूतही गाठी असू शकतात, आणि पट्टकृमीवरच्या प्राझिक्वांटेल या औषधाने झटके सुरू होऊ शकतात. पूर्वी कधी फिट आली असेल, डोकं सतत दुखत असेल, तर गोळीआधी ते बोला.

अंकुशकृमी (हुकवर्म) निघाले तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या. चाबूककृमी (व्हिपवर्म) अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने बऱ्याचदा जात नाहीत. सूतकृमी (पिनवर्म) असतील तर घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यावं, आणि दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा. गर्भारपण असेल किंवा शक्यता असेल, तर स्वतःहून कोणतीच गोळी नको.

औषधानंतर पुन्हा तपासणी कधी करायची, ते त्याच भेटीत विचारून घ्या.