जुन्या अमेरिकन पेट्रोल पंपाची काचेची टाकी

1920 च्या दशकातल्या अमेरिकेतल्या गॅस स्टेशनचं 1:24 मॉडेल करताय? मग नजर आधी पंपाच्या डोक्यावरच्या काचेच्या टाकीवर जाणार. दांडा मारून पेट्रोल वर चढवायचं, किती आलं ते गिऱ्हाइकाला दिसायचं आणि मग ते आपल्या वजनानं नळीतून गाडीत उतरायचं.

यासाठी 5 मिलीची नवी सिरिंज घ्या. नेहमीची टाकी 10 गॅलनची, म्हणजे जवळपास 38 लिटर. त्याला 24 च्या घनानं भागलं की येतात पावणेतीन मिली! म्हणजे मोजपट्टी नको. शून्यापासून पावणेतीनपर्यंतचा तुकडा बारीक करवतीनं कापा. छापलेल्या खुणा मात्र नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसून टाका.

पेट्रोलसाठी लाल जिलेटिन कागदाची सुरळी आत सरकवा, पण काठोकाठ नको. अर्धवट भरलेली टाकीच खरी वाटते. (तेव्हा पेट्रोलमध्ये खरंच रंग घालत.)

सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची, तिला फेव्हिक्विक नीट धरत नाही. त्यामुळे वरखाली कार्डाच्या चकत्या घट्ट बसतील अशाच कापा आणि मधून तारेचा तुकडा ओवून त्या जखडा.