घरात ब्रेस्ट कॅन्सर निघाल्यावर रिपोर्टच्या मधले दिवस कसे काढायचे

बायोप्सीत कॅन्सर आहे असं सांगितलं, इथपर्यंत सगळं पटापट होतं आणि मग एकदम अडकल्यासारखं होतं. पुढचा रिपोर्ट यायचाय, स्कॅनची तारीख मिळायचीय, आणि घरात प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच चालू. आमच्या मोठ्या वहिनींच्या वेळी आम्ही हे दिवस काढलेत आणि आता तासगाव-इस्लामपूरकडच्या ओळखीच्या घरांतून फोन येतात, म्हणून एकदा नीट लिहितेय. काही गोष्टी विचारल्या की आजच कळतात, काही ठराविक तारखेला कळतात आणि काही कुणालाच सांगता येत नाहीत, अगदी डॉक्टरांनाही नाही. या तिन्ही वेगळ्या ठेवायला शिकायचं, बाकी सगळं त्यातूनच येतं.

त्यासाठी एक दोनशे पानी वही आणा. मोबाईलमध्ये नको, मोबाईल ज्याचा त्याच्याबरोबर जातो, वही फाईलच्या पिशवीत राहते. पानावर तीन रकाने पाडा: विचारायचं, तारीख, आणि आत्ता कळणार नाही. वहिनींच्या वहीत पहिल्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात होतं, "काखेतली गाठ पण त्यातलीच का?" आणि खाली "ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, तेव्हा केमो चालू असेल का?" दुसऱ्यात आयएचसी रिपोर्टचा (बायोप्सीच्या तुकड्यावरच कॅन्सरचा प्रकार बघणारी तपासणी) वार आणि लॅबचा नंबर. तिसऱ्यात एकच ओळ, "परत होईल का". छाटणीचा प्रश्न किरकोळ वाटेल पण डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलं, मजूर कधी सांगायचे ते ठरलं आणि त्या रात्री घर जरा शांत झोपलं.

आता रिपोर्टबद्दल, कारण निम्मी भीती तिथंच होते. ग्रेड आणि स्टेज एक नाही. बायोप्सीवर ग्रेड ३ लिहिलेलं बघून घरात रडारड होते की तिसरी स्टेज आहे, तसं नसतं. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ते, आणि स्टेज म्हणजे आजार कुठवर गेलाय ते, ती गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि गरज असेल तर स्कॅन बघून ठरते. नंतर आयएचसी येतो, त्यात ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींना हार्मोन चिकटतात का ते) आणि हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रथिन) असतं, त्यावर हार्मोनच्या गोळ्या चालतील का, टार्गेटेड इंजेक्शन लागेल का हे ठरतं. हर-टू २+ आलं तर ते ना पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, मग फिश नावाची पुढची टेस्ट सांगतात आणि परत थांबावं लागतं. ती टेस्ट सांगितली म्हणजे आजार वाढला असा अर्थ काढू नका. आणि तपासण्यांत दोन-तीन आठवडे गेले म्हणून सहसा वेळ हातची जात नाही, चांगली ट्रीटमेंट ठरवायला ते लागतातच, फक्त त्या नादात महिने घालवायचे नाहीत.

डॉक्टरांकडे दोघांनी जा, एकानं ऐकायचं, एकानं लिहायचं. "किती टक्के चान्स" याच्या आधी हे विचारा: ही ट्रीटमेंट पूर्ण बरं करण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? आधी केमो की आधी ऑपरेशन, आणि का? पुढचा निर्णय कोणत्या रिपोर्टवर अडलाय आणि तो कधी येणार? टक्केवारी रात्री गुगलवर शोधू नका, ते आकडे बरेचदा काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या हजारो बायकांचे असतात, तुमच्या पेशंटचा प्रकार, वय, स्टेज त्यात मिसळून गेलेली असते.

दुसरं मत घ्यायचं तर बिनधास्त घ्या, चांगले डॉक्टर रागवत नाहीत. कॅन्सरवरचे उपचार मिरजेत, कराडला पण होतात, आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायचं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या सांगली-मिरजेकडून थेट मुंबईला जाते. जाताना नुसते कागद नेऊ नका, जिथं बायोप्सी झाली तिथून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स (तपासणीच्या काचा) मागून घ्या, स्कॅनची सीडी पण. नाहीतर तिथं गेल्यावर कळतं आणि हेलपाटा पडतो.

पैशाची काळजी तर पहिल्या दिवसापासून असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये पेशंटना मदत करणारे योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव आजच जुळवून बघा, बायकांचं एका ठिकाणी माहेरचं आणि एका ठिकाणी सासरचं नाव असतं आणि नेमकं ऐनवेळी अडतं.

पाहुण्यांचं काय करायचं? एकच माणूस ठरवा, तोच सगळ्यांना सांगणार. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी फोन सुरू होतात आणि पेशंटला तीच हकीकत पाच वेळा सांगावी लागते, हे बंद करा. सांगलीत हळदीचं एवढं मोठं मार्केट, त्यामुळे कुणीतरी हळदीचा काढा, करक्युमिनच्या (हळदीतल्या अर्काच्या) गोळ्या घेऊन येणारच. भाजीतली हळद चालू द्या, गोळ्या आणि काढे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, केमोच्या औषधांबरोबर काय होईल ते आपल्याला कळत नाही. आणि ताट-पेला वेगळा ठेवा म्हणणाऱ्यांना तिथल्या तिथं सांगा, हा आजार शिवल्यानं होत नाही.

पेशंटपासून लपवू नका, हे मी कळकळीनं सांगते. तिला सगळं कळत असतं, फक्त विचारायला माणूस उरत नाही. "तुला किती ऐकायचंय?" असं विचारा, तेवढंच सांगा. मुलांनाही साध्या शब्दांत सांगा की आईला आजार आहे, औषधानं केस जातील आणि यात तुमची काही चूक नाही.

केमो सुरू झाली की बऱ्याच जणींची २१ दिवसांची सायकल असते आणि दिवसांना जरा आकार येतो. मधल्या काळात पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं.

बहिणी आणि मुलींच्या मनात वेगळी भीती असते. १०० पैकी साधारण ५ ते १० जणींचाच ब्रेस्ट कॅन्सर घराण्यातून आलेल्या जीनमुळे असतो. कमी वयात झालाय, ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) आहे, किंवा घरात अजून कुणाला ब्रेस्टचा नाहीतर अंडाशयाचा झालाय, तर बीआरसीए टेस्टबद्दल (घराण्यातून येणारे हे जीन तपासणारी टेस्ट) विचारा, आणि वडिलांकडची आत्या-आजी पण मोजा, लोक फक्त आईकडचं सांगतात. शक्य असेल तर टेस्ट आधी पेशंटची करा. कधीकधी त्यात "अर्थ स्पष्ट नसलेला बदल" असा रिझल्ट येतो, तेवढ्यावर कुणी ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नाही, जेनेटिक काउन्सेलरशी बोला.

सांभाळणाऱ्याला झोप लागेना, जेवण जाईना असं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. नवरेमंडळींनी तर आवर्जून करा, ते कुणाशीच बोलत नाहीत.

ट्रीटमेंट संपल्यावर सगळे म्हणतात सुटलीस, आणि तिला तेव्हाच जास्त भीती वाटते कारण आता रोज बघणारं कुणी नसतं. पाठ दुखली तरी मनात तेच येतं. डॉक्टरांकडून लिहून घ्या, कोणती लक्षणं किती दिवस राहिली तर यायचं. पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी चेकअप असतो, मॅमोग्राफी वर्षातून एकदा. रिपोर्ट कधी मिळणार ते त्याच दिवशी विचारून वहीत लिहा, त्या दिवशी तिला एकटीला पाठवू नका, आणि मागच्या वर्षीच्या मॅमोग्राफीच्या फिल्म्स बरोबर न्या, डॉक्टर त्या शेजारी ठेवून बघतात.