समकालीन मुस्लिम विचारवंत वाचायचे असतील तर

समकालीन मुस्लिम विचारवंत वाचू इच्छिणाऱ्या ठाण्यातील वाचकाने त्यांची सुधारणावादी आणि परंपरावादी अशी वाटणी आधीच करू नये. कोण, कोणत्या देशात, कोणाशी वाद घालत होता, एवढे पाहून वाचायला लागावे. सुरुवात मराठीतून होते, हे आपले भाग्य. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांचे लेखन १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात शोधावे. पाठोपाठ मुंबईचे अभ्यासक असगरअली इंजिनीअर घ्यावेत. तोंडी तलाकला दोघांचाही विरोध. पण दलवाई समान नागरी कायद्याच्या वाटेने जातात, तर इंजिनीअर कुराणाचाच आधार घेतात.

खरा वेळ द्यावा तो फझलुर रहमान (१९१९–१९८८) यांना. सनातनी विरोधामुळे १९६८ मध्ये पाकिस्तान सोडलेल्या या अभ्यासकाची पद्धत अशी: कुराणातील आयतीकडून (वचनाकडून) तिच्या काळातील परिस्थितीकडे जाऊन उद्देश शोधायचा आणि तो उद्देश घेऊन आजच्या प्रश्नाकडे परतायचे. वहीच्या एका पानावर चौथ्या सूरेतील (अध्यायातील) तिसरी आयत उतरवावी. तिच्यात अनाथांशी न्यायाने वागण्याचा संदर्भ, चार विवाहांपर्यंतची मुभा आणि समान वागणुकीची अट आहे. समोरच्या पानावर त्याच सूरेतील १२९ वी आयत लिहावी; कितीही इच्छा असली तरी पत्नींमध्ये पूर्ण समानता राखता येणार नाही, असे ती सांगते. मुभा त्या काळापुरती होती आणि रोख एकपत्नीत्वाकडे आहे, असा निष्कर्ष रहमान यांनी यावरून काढला. अमेरिकन अभ्यासक अमिना वदूद यांचा १९९२ चा स्त्रीविषयक कुराणाभ्यास यानंतर वाचल्यास अधिक उलगडतो.

इजिप्तचे कुराण-अभ्यासक नस्र हमीद अबू झैद यांना १९९५ मध्ये न्यायालयाने धर्मत्यागी ठरवून त्यांचा विवाह रद्द केला. अनेक वाचक या खटल्यापाशीच थांबतात आणि कुराणाच्या भाषेविषयीचा त्यांचा विचार वाचायचा राहून जातो. म्हणून आधी विचार वाचावा, खटला नंतर. अल्जीरियात जन्मलेले मोहम्मद अर्कून आणि मोरोक्कोचे मोहम्मद आबिद अल-जाबिरी हे दोघेही विचारवंत कठीण आहेत. त्यांना सवडीने हात घालावा.

वाचनगट जमवल्यास राबोडीतील किंवा मुंब्र्यातील एखाद्या उर्दू वाचकाला आग्रहाने बोलवावे. १२९ व्या आयतीतील असमानता मनाच्या ओढीपुरती आहे आणि तिसऱ्या आयतीतील अट निर्वाहखर्च व वागणुकीची आहे, असे परंपरागत भाष्यकार म्हणतात. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौदूदी यांचे कुराणावरील उर्दू भाष्यही बहुपत्नीत्वबंदीचा अर्थ नाकारते. ते मुळातून वाचून घ्यावे आणि वहीतील त्या दोन पानांखाली नोंदवावे.