किडनी अचानक बसली होती, आता पुढे काय? फाईल कशी वाचायची

मागच्या पावसाळ्यात बाबांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्या-चिखलातून होणारा संसर्ग) झाला. पायाला चीर असताना लावणीच्या चिखलात उतरले होते. लघवी जवळजवळ बंद, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, किडनी बसली की वाढतो) 6.2 mg/dL. तीनदा डायलिसिस झालं, मग लघवी सुटली आणि डिस्चार्जला आकडा आला 1.4. आम्ही पेढे वाटले. जरा घाईच केली.

तर ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी सगळ्यात आधी जुना रिपोर्ट शोधा. आजारपणाच्या आधीचा क्रिएटिनिन हवा, शिबिरातला असो नाहीतर कुठल्या ऑपरेशनच्या वेळचा. आमचा मोतीबिंदूच्या वेळचा निघाला, देवघराच्या खणात लाईटबिलांच्या खाली, 0.9. म्हणजे 1.4 दिसायला बरा असला तरी बाबांसाठी तो दीडपट होता.

मग बघा आकडा जास्तीत जास्त कुठपर्यंत गेला होता. किडनीला किती मार बसला त्याच्या तीन स्टेज असतात: जुन्याच्या दीडपटीपासून पुढे पहिली स्टेज, दुप्पट झाला की दुसरी, तिप्पट किंवा 4 च्या वर गेला किंवा डायलिसिस लागलं की तिसरी. स्टेज जितकी वरची तितकी किडनीत कायमची खोट राहायची शक्यता जास्त.

आता यातली गोम. क्रिएटिनिन तयार होतो स्नायूंत, आणि आयसीयूतून आलेल्या माणसाचे स्नायूच झडलेले असतात, बाबांचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं, त्यामुळे आकडा कमी येतो आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली वाटते. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही रक्ताची टेस्ट करायची का ते डॉक्टरांना विचारा, त्याला स्नायूंचा एवढा फरक पडत नाही.

आणि तीन महिन्यांनी, बरं वाटत असलं तरी, क्रिएटिनिन आणि युरिन एसीआर दोन्ही करा. एसीआर म्हणजे लघवीतून अल्बुमिन हे प्रोटीन किती जातंय ते, सकाळच्या पहिल्या लघवीवर, ताप किंवा इन्फेक्शन असेल तर थांबून. 30 mg/g च्या आत छान, 300 च्या वर म्हणजे नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर) सोडायचाच नाही. लोक नेमकी हीच टेस्ट टाळतात, आणि पुढचं सगळ्यात जास्त हीच सांगते. कॅनडात 2017 साली, अशा पेशंटची किडनी पुढे कायमची बिघडेल का याचा अंदाज बांधायचं एक गणित आलं, त्यात सहाच गोष्टी होत्या: वय, बाई की पुरुष, जुना क्रिएटिनिन, स्टेज, डिस्चार्जचा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्बुमिन. अर्थात गणित शक्यता सांगतं, भविष्य नाही, आणि शुगर-बीपी असेल तर डॉक्टर तेही धरतातच.

तीन महिने का, तर तोवर किडनी सावरत असते. त्यानंतरही खोट दिसली तर ती क्रॉनिक, म्हणजे कायमची, धरतात.

बाबांचा क्रिएटिनिन 1.2 आला, एसीआर 140. बीपीची गोळी सुरू झाली, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि पेनकिलर पूर्ण बंद. त्यांची गुडघ्यासाठीची डायक्लोफिनॅकची पाकिटं आईने त्याच दिवशी कुठेतरी लपवली, बाबा अजून शोधतायत.