गोठवलेल्या स्टेम सेल शिरेतून देताना: पिशवी वितळवण्यापासून लाइन धुण्यापर्यंत

रक्ताची पिशवी फुटली तर रक्तपेढीतून दुसरी मागवता येते. स्टेम सेलच्या पिशवीचं तसं नाही. प्रत्यारोपणाच्या दिवसापर्यंत केमोथेरपीने रुग्णाच्या हाडातली रक्त तयार करणारी मज्जा संपवलेली असते आणि तिची भरपाई करणाऱ्या पेशी त्या दोन-तीन पिशव्यांतच असतात. पुढचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून निघतात. हे लिखाण वॉर्डातल्या परिचारिका, निवासी डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. आपल्या केंद्राची लेखी कार्यपद्धती वेगळं सांगत असेल तर तीच पाळायची.

रक्त तयार करणाऱ्या पेशी हाडात टोचाव्या लागत नाहीत. शिरेतून सोडल्या की मज्जेतून येणाऱ्या रासायनिक खुणांच्या मागोमाग त्या स्वतःच हाडात शिरतात. त्यामुळे दिसायला हे काम सलाईन लावण्याइतकं सोपं आहे, आणि चुकाही त्यामुळेच होतात.

आदल्या दिवशीचं गणित

पेशी गोठवताना त्यात बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून डीएमएसओ घालतात, बहुधा १० टक्के. रुग्णाला जो त्रास होतो त्यात या द्रवाचा वाटा मोठा असतो. दिवसाची मर्यादा वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम. १०० मिलीच्या पिशवीत १० मिली डीएमएसओ, आणि तो पाण्यापेक्षा थोडा जड असल्यामुळे साधारण ११ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका दिवसात पाच पिशव्या चालतात, सहावी दुसऱ्या दिवशी. २० किलोच्या मुलाला मात्र दोन पिशव्यांतच मर्यादा ओलांडली जाते. हे गणित पिशवी वितळल्यावर सुचलं तर काही उपयोग नाही. पेशी धुऊन डीएमएसओ काढता येतो, पण धुताना पेशीही जातात. म्हणून मोठ्या डोसचे दोन दिवस करणं बरं.

दुसरा आकडा सीडी३४ पेशींचा, म्हणजे सीडी३४ ही खूण अंगावर असलेल्या, रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलचा. दर किलोला किमान २० लाख हव्यात, ५० लाखांच्या आसपास असल्या तर मज्जा लवकर आणि भरवशाने उभी राहते. तिसरी गोष्ट केमोथेरपीपासूनचं अंतर. मेल्फलानसारखं केमोथेरपीचं औषध शरीरात असताना पेशी सोडल्या तर तेच औषध त्यांना मारेल. मेल्फलाननंतर साधारण एक दिवस थांबतात.

खाटेजवळची तयारी

शक्यतो सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) वापरायची. पिशवी आणण्याआधी ही लाइन सलाईनने धुऊन रक्त मागे येतं का ते पाहायचं. लाइन बंद आहे हे वितळलेली पिशवी हातात असताना कळणं हा सगळ्यात टाळता येण्यासारखा गोंधळ आहे.

सेट साध्या रक्ताचा, १७० ते २०० मायक्रॉनच्या जाळीचा. पांढऱ्या पेशी गाळणारा ल्युको-फिल्टर चुकूनही लावायचा नाही. त्याच्या लेखी स्टेम सेल म्हणजे पांढरी पेशीच, तो तिला अडवून ठेवतो. पिशवीला किरणोत्सर्गही द्यायचा नाही. रक्तघटक विकिरण करून देण्याची सवय झालेल्या वॉर्डात ही चूक होऊ शकते, म्हणून पिशवीवर तशी ठळक सूचना असावी. त्याच लाइनमधून फक्त नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोजने लाल पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात.

अर्धा ते एक तास आधी अँटिहिस्टामिन, उलटीवरचं औषध आणि केंद्राच्या पद्धतीप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोन. लघवी भरपूर व्हावी म्हणून आधीपासून सलाईन चालू. ऑक्सिजन, सक्शन आणि अ‍ॅड्रेनलिन हाताशी. नाडी, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजनची पातळी नोंदवून ठेवायची.

वितळवणं

पिशवी उणे १५० अंशांखालून येते आणि त्या थंडीत प्लास्टिक काचेसारखं ठिसूळ असतं. कॅसेटमधून (पिशवी ठेवलेल्या धातूच्या चपट्या डबीतून) काढताना आपटायची नाही, वाकवायची नाही. दोघांनी मिळून नाव, नोंदणी क्रमांक, पिशवीचा क्रमांक आणि रक्तगट लेबलावरून मोठ्याने वाचायचे आणि रुग्णाच्या मनगटपट्टीशी जुळवायचे. हे वितळवण्याआधी करायचं, कारण त्यानंतर घड्याळ सुरू होतं.

पिशवी निर्जंतुक बाह्य पिशवीत घालून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये हलकेच हलवत राहायची. पाणी ४० च्या वर जाऊ द्यायचं नाही. पिशवीची तोंडं पाण्याबाहेर ठेवायची, कारण वॉटर बाथमध्ये जंतू सुखाने वाढतात. कोरड्या पद्धतीने वितळवणारं यंत्र असेल तर ही भीती कमी. काही मिनिटांत बर्फाचा चुरा उरला, सगळं खिमट झालं, की बाहेर काढायची. हळू वितळवलं तर बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात आणि पेशी फोडतात. पूर्ण कोमट होईपर्यंत ठेवलं तर डीएमएसओ पेशींवर विषासारखं काम करू लागतो. पहिली पिशवी आत जाईपर्यंत दुसरी वितळवायची नाही. वेळ वाचवण्यासाठी सगळ्या एकदम काढणारे असतात, आणि रुग्णाला मध्येच त्रास झाला की उरलेल्या पिशव्यांतल्या पेशी तशाच मरत बसतात.

पिशवी गळताना दिसली तर गळतीच्या वर चिमटा लावायचा, बाह्य पिशवी उघडायची नाही, आणि डॉक्टर व प्रयोगशाळा दोघांना बोलवायचं. बाह्य पिशवी निर्जंतुक असेल तर सांडलेलं सिरिंजने काढून, जंतू तपासायला कल्चरला नमुना पाठवून, प्रतिजैविकांच्या आडोशाने देण्याचा निर्णय घेता येतो. पिशवी कचऱ्यात टाकण्याचा निर्णय एकट्याने कधीच घ्यायचा नाही.

पेशी आत सोडताना

पिशवी उंच टांगून गुरुत्वाकर्षणानेच सोडायची. पहिली काही मिनिटं सावकाश, मग सोसवेल तसा वेग वाढवायचा. वितळल्यापासून १५-२० मिनिटांत पिशवी संपावी. प्रवाह अडकला तर बहुतेकदा कारण फुटलेल्या पेशींतला डीएनए असतो: तो चिकट धाग्यांसारखा इतर पेशींना धरून गोळे करतो. पिशवी बोटांनी हलकेच चोळायची. सिरिंजने जोर लावून ढकलायचं नाही. जाळी तुंबली असेल तर सेट बदलायचा.

मळमळ, चेहरा लाल होणं, घशात खवखव, खोकला हे नेहमीचं. वेग कमी केला की बहुधा थांबतं. नाडी मंदावणं, रक्तदाब खाली-वर होणं याकडे जास्त लक्ष. धाप, अंगभर गांध्या, रक्तदाब कोसळणं अशी तीव्र ॲलर्जी दिसली तर प्रवाह थांबवून प्रौढाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन. पण पिशवी लाइनवरून काढून टाकायची नाही. रुग्ण सावरला की उरलेल्या पेशी कशा द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील.

संपल्यावर पिशवीत थोडं सलाईन घालून खळबळायचं आणि तेही द्यायचं, दोनदा. भिंतीला चिकटलेल्या पेशी अशाच मिळतात. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावं: एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येईल (डीएमएसओचा काही भाग फुप्फुसांवाटे बाहेर पडतो) आणि पहिल्या काही लघव्या लालसर होतील, कारण गोठवताना फुटलेल्या लाल पेशींचं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून जातं. लालसरपणा टिकला किंवा लघवी कमी झाली तर मात्र लगेच कळवायचं.

मेसेंकायमल पेशी आणि सुई

मेसेंकायमल पेशी म्हणजे मज्जा, चरबी अशा ऊतींतून काढलेल्या, रक्त न बनवणाऱ्या वेगळ्या पेशी. त्यांना हेच नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्या १५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठ्या, फुप्फुसांतल्या केशवाहिन्या १० मायक्रॉनच्या आत. शिरेतून दिलेल्या बऱ्याच पेशी पहिल्या फेरीतच फुप्फुसात अडकतात. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर असतो, त्याने रक्त गोठतं. म्हणून सावकाश द्यायचं, गोळे झालेला नमुना द्यायचा नाही, आणि ऑक्सिजनच्या पातळीवरून नजर हटवायची नाही.

शिरेऐवजी थेट आजारी जागेवर टोचताना शत्रू सिरिंजच असते. पेशी काही मिनिटांत तळाशी बसतात आणि पहिला थेंब पातळ, शेवटचा दाट जातो. प्रत्येक वेळी सिरिंज हलकेच उलटीपालटी करायची, जोरात हलवून फेस होऊ द्यायचा नाही. सुई फार बारीक आणि दट्ट्यावर जोर, या जोडीने पेशी फाटतात. क्रोन्स या आतड्याच्या आजारातल्या भगंदरासाठी युरोपात २०१८ साली मान्यता मिळालेल्या आणि नंतर बाजारातून मागे घेतलेल्या उपचारात १२ कोटी पेशी टोचत: मार्ग खरवडून, सलाईनने धुऊन, आतलं तोंड टाके घालून बंद केल्यावर निम्म्या पेशी त्या तोंडाभोवती आणि निम्म्या मार्गाच्या भिंतीत, २२ गेजपेक्षा बारीक सुई न वापरता.

डोळा, मेंदू, पाठीचा कणा इथे डोस आधी एका बाजूला देऊन थांबायची सोय असेल तर थांबायचंच. २०१७ साली अमेरिकेतल्या तीन स्त्रियांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली: पोटातल्या चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या होत्या, आणि दोन्ही डोळ्यांची नजर एकदमच गेली किंवा फार अधू झाली.